आयपीव्ही४ चालू, आयपीव्ही६ मधूनच बंद: नेबर टेबल भरण्याचा परत परत येणारा त्रास

नेबर टेबल म्हणजे लॅनवर कुठला पत्ता कुठल्या मशीनचा याची राउटरने ठेवलेली यादी. ती भरली की लक्षणं साधारण अशी असतात. आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) वरचं सगळं सुरळीत चालू असतं आणि आयपीव्ही६ (नवी पद्धत) वरून काही मशीन अधूनमधून गायब होतात. सगळी नाही, काहीच. ज्या सर्व्हरवर सतत ये-जा चालू आहे तो टिकून राहतो. जो प्रिंटर किंवा कॅमेरा बराच वेळ गप्प होता तो सापडत नाही. नव्याने जोडलेल्या लॅपटॉपला पत्ता मिळतो, पण बाहेरून आलेलं उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक होतं. मधल्या काळात कोणीतरी राउटर रीस्टार्ट केलेला असतो, म्हणून श्रेय रीस्टार्टला जातं आणि तक्रार बंद होते. काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उघडते.

राउटर किंवा फायरवॉल लिनक्सवर चालत असेल तर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये त्याच वेळेला 'नेबर टेबल ओव्हरफ्लो' अशी ओळ आहे का ते आधी बघा. तिच्यात 'एनडिस्क कॅश' असं नावही दिसेल. ही ओळ सापडली तर केबल, स्विच आणि इंटरनेट पुरवठादार यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बनावटीच्या राउटरवर शब्द वेगळे असतील, पण नेबर डिस्कव्हरीच्या नोंदींची संख्या सगळीकडे बघता येते. बिघाडाच्या वेळी ती मर्यादेला टेकलेली असेल तर रोग तोच.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण उपायांपैकी निम्मे चुकीचे असतात आणि ते कारण न कळल्यामुळेच केले जातात.

आपल्या सबनेटमधल्या (लॅनला दिलेल्या पत्त्यांच्या गटातल्या) एखाद्या पत्त्यासाठी बाहेरून पॅकेट आलं की राउटरला त्या पत्त्यामागचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) शोधावा लागतो. आयपीव्ही४ मध्ये हे काम एआरपी करतं, आयपीव्ही६ मध्ये नेबर डिस्कव्हरी. राउटर टेबलात एक 'इनकम्प्लीट' नोंद तयार करतो, 'हा पत्ता कोणाचा' असं लॅनवर विचारतो आणि वाट पाहतो. आरएफसी ४८६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती ठरवणारे दस्तऐवज) मधल्या मूळ मूल्यांप्रमाणे हा प्रश्न एकेक सेकंदाच्या अंतराने तीनदा विचारला जातो. म्हणजे जो पत्ता अस्तित्वातच नाही त्याच्यासाठीही सुमारे तीन सेकंद एक जागा अडून राहते. त्यानंतर लिनक्समध्ये ती नोंद 'फेल्ड' होते आणि सफाई होईपर्यंत तिथेच पडून राहते.

आयपीव्ही४ मध्येही अगदी हेच घडतं, पण तिथे /२४ च्या (पत्त्यातले पहिले २४ बिट ठरलेल्या) सबनेटमध्ये जेमतेम २५४ वापरण्याजोगे पत्ते असतात. कोणी सगळे चाळले तरी टेबलात २५४ पेक्षा जास्त नोंदी होऊच शकत नाहीत. आयपीव्ही६ च्या एका नेहमीच्या /६४ सबनेटमध्ये दोनचा चौसष्टावा घात इतके पत्ते असतात, म्हणजे १८,४४६ वर पंधरा शून्यं. त्यांतले खरे वापरात असतील दोनशे-पाचशे. उरलेली सगळी पोकळी. आणि त्या पोकळीतल्या प्रत्येक पत्त्यासाठी आलेलं पॅकेट तुमच्या राउटरला एक निष्फळ शोध घ्यायला लावतं.

आता हिशेब करा. लिनक्समध्ये या टेबलाची वरची कडक मर्यादा, म्हणजे 'जीसी थ्रेश ३', मुळात १०२४ असते. ही मर्यादा एका इंटरफेसची नाही, अख्ख्या मशीनची मिळून आहे. कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरवर तर सगळ्या कंटेनरांच्या नोंदी याच टेबलात बसतात. दर सेकंदाला ४०० वेगवेगळ्या बिनअस्तित्वाच्या पत्त्यांकडे पॅकेटं आली तर तीन सेकंदांत १२०० नोंदी लागतात. टेबल भरलं. एक पॅकेट ऐंशी बाइटचं धरलं तर हा सगळा ओघ सेकंदाला पाव मेगाबिटच्या आसपास भरतो. बँडविड्थच्या आलेखावर तो दिसणारही नाही. म्हणूनच हा बिघाड इतके दिवस लपून राहतो: सगळे जण मोठा ओघ शोधत असतात आणि हा ओघ छोटा असतो.

टेबल भरलं की कर्नल सक्तीची सफाई करतो. ज्यांचा सध्या वापर नाही अशा जुन्या नोंदी त्यात उडतात, आणि तरी जागा झाली नाही तर नवी नोंद नाकारली जाते. बोलत्या सर्व्हरची नोंद ताजी असते म्हणून तो वाचतो, गप्प प्रिंटरची उडते. सुरुवातीला सांगितलेलं विचित्र लक्षण इथून येतं.

हे करतंय कोण

तीन शक्यता असतात: आपलाच सुरक्षा-स्कॅनर, बाहेरून होणारी चाळणी (पत्ते एकामागून एक तपासणं), किंवा खरी गर्दी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

सगळ्यात आधी घरचा स्कॅनर तपासा. माझ्या पाहण्यात वारंवार, ठरावीक वेळी येणाऱ्या बिघाडामागे बहुतेकदा तोच असतो. सुरक्षेसाठी कमकुवतपणा शोधणारं सॉफ्टवेअर आयपीव्ही४ च्या काळात लावलेलं असतं, त्याला सबनेटांची यादी दिलेली असते, आणि नंतर कोणीतरी त्या यादीत आयपीव्ही६ चं /६४ जसंच्या तसं टाकतं. स्कॅनर इमानदारीने पहिल्या पत्त्यापासून सुरुवात करतो. काम संपण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून वेळमर्यादा संपली की थांबतो आणि 'काहीही आढळलं नाही' असा अहवाल देतो. राउटर तेवढा वेळ गुदमरतो. पुढच्या ठरलेल्या वेळी परत तेच. बिघाड नेमक्या वाराला, नेमक्या तासाला येत असेल तर शेड्युलर उघडून बघा.

पडताळणी सोपी आहे. बिघाड चालू असताना लॅनच्या इंटरफेसवर पॅकेट कॅप्चर लावा आणि फक्त आयसीएमपीव्ही६ चा १३५ हा प्रकार, म्हणजे नेबर सॉलिसिटेशन, वेगळा काढा. राउटर कोणाकोणाबद्दल विचारतोय ते दिसेल. विचारलेले पत्ते शेवटच्या आकड्यात एकेकाने वाढत असतील (...:१, ...:२, ...:३) तर कोणीतरी ओळीने चाळतंय. मधे 'एफएफ-एफई' हे अक्षरगट येत असतील तर कोणीतरी मॅक पत्त्यांवरून बनणारे पत्ते अंदाजाने पाडतंय. पार विस्कळीत असतील तर यदृच्छ शोध किंवा मुद्दाम केलेला हल्ला. मग त्याच वेळचा बाहेरच्या इंटरफेसवरचा कॅप्चर घ्या आणि ती पॅकेटं कुठल्या स्रोतावरून येतात ते बघा. बाहेरच्या बाजूला काहीच नसेल तर उगम आतच आहे.

तिसरी शक्यता लोक विसरतात: टेबल खऱ्या माणसांनीच भरलेलं असू शकतं. आयपीव्ही६ मध्ये एका उपकरणाचा एकच पत्ता नसतो. लिंक-लोकल (फक्त त्या लॅनपुरता) एक, स्थिर एक, शिवाय प्रायव्हसी एक्स्टेन्शनमुळे (मागोवा टाळण्याच्या सोयीमुळे) तात्पुरते पत्ते. जुन्या आरएफसी ४९४१ च्या मूळ मूल्यांप्रमाणे तात्पुरता पत्ता दररोज नवा बनतो आणि जुना सात दिवस वैध राहतो. २०२१ च्या आरएफसी ८९८१ ने ही वैधता दोन दिवसांवर आणली. मोठ्या वायफायवर काही शे उपकरणं असली की हजाराची मर्यादा प्रामाणिकपणे ओलांडली जाते. अशा वेळी टेबलातल्या नोंदी 'रीचेबल' (पोहोचता येणाऱ्या) आणि 'स्टेल' (जुन्या झालेल्या) दिसतील, 'इनकम्प्लीट' आणि 'फेल्ड' यांचा भरणा नसेल. हा एक फरक बघितला तरी निदान पक्कं होतं. लिनक्सवर आयपी कमांडने आयपीव्ही६ चं नेबर टेबल काढा आणि कुठल्या अवस्थेतल्या किती नोंदी आहेत ते मोजा.

तात्पुरता इलाज

घरचा स्कॅनर असेल तर ते काम थांबवा. टेबल थोड्या वेळात निवळतं. बाहेरून येत असेल तर तो स्रोत अडवा, पण एकटा पत्ता अडवू नका, त्याचं पूर्ण /६४ अडवा. कारण खाली येईल. खरी गर्दी असेल तर मर्यादा वाढवणं हाच बरोबर उपाय आहे: 'जीसी थ्रेश' ची तिन्ही मूल्यं एकत्र वाढवा, मुळात ती १२८, ५१२ आणि १०२४ असतात. फक्त तिसरं वाढवलं आणि पहिली दोन तशीच ठेवली तर सफाई उगाच लवकर आणि सतत चालू राहते.

चाळणी हे कारण असताना फक्त मर्यादा वाढवणं मात्र निरुपयोगी आहे. १०२४ चे ८१९२ केले तर सेकंदाला ४०० च्या जागी २७००-२८०० पॅकेटं लागतील, एवढंच. ती कुठल्याही साध्या मशीनवरून पाठवता येतात.

कायमचा बंदोबस्त

शोध सुरू होण्याआधीच पॅकेट टाकून द्या. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. लिनक्समध्ये फॉरवर्ड साखळीतले (पुढे पाठवायच्या पॅकेटांना लागणारे) फायरवॉलचे नियम आधी लागू होतात आणि नेबरचा शोध पॅकेट बाहेर पाठवताना, म्हणजे नंतर, होतो. त्यामुळे फॉरवर्डमध्ये अडवलेल्या पॅकेटसाठी टेबलात नोंद बनतच नाही. वापरकर्त्यांच्या सबनेटसाठी स्टेटफुल नियम लावा: आतून सुरू झालेल्या संवादाची उत्तरं आत येऊ द्या, बाकी बाहेरून आलेलं नाकारा. सर्व्हरच्या सबनेटसाठी फक्त खऱ्या सर्व्हरांचे पत्ते आणि त्यांचे पोर्ट उघडा. /६४ ला सरसकट 'पोर्ट ४४३ चालेल' असा नियम दिला तर पोकळीकडे येणारी सगळी पॅकेटं त्याच दारातून आत येतील. हा नियम फार ठिकाणी दिसतो. आयपीव्ही४ ची सवय तशीच पुढे आणल्यामुळे तो लिहिला जातो.

फायरवॉलच्या आतल्या बाजूने, म्हणजे एका व्हीलॅनमधून (आभासी वेगळ्या लॅनमधून) दुसऱ्या व्हीलॅनमध्ये होणाऱ्या चाळणीवरही हेच नियम हवेत. एखादं संसर्ग झालेलं मशीन आतूनच शेजारचं सबनेट चाळू शकतं.

दोन राउटरांमधल्या जोडणीवर /६४ ठेवू नका, /१२७ ठेवा. २०११ च्या आरएफसी ६१६४ ने हे मान्य केलं आणि त्याची जी कारणं दिली त्यांत नेबर कॅश (म्हणजे हेच टेबल) भरणं हेही एक आहे. दोन टोकं असलेल्या तारेवर अब्जावधी रिकामे पत्ते बाळगण्याची काही गरज नाही. स्थिर पत्ते असलेल्या सर्व्हरांच्या सबनेटला नियोजनात /६४ राखून ठेवा, पण तारेवर प्रत्यक्षात /१२० लावलं तर बाहेरच्याला छळायला फक्त २५६ पत्ते उरतात. लोक यावर भांडतात. आरएफसी ६५८३ मध्ये सबनेटचा आकार प्रत्यक्ष वापराइतका ठेवण्याचा पर्याय दिलेला आहे. वापरकर्त्यांच्या सबनेटवर मात्र हे करू नका. उपकरणं स्वतःचा पत्ता स्वतः बनवतात त्या पद्धतीला /६४ च लागतं, आणि अँड्रॉइडने अनेक वर्षं डीएचसीपीव्ही६ वरून (पत्ते वाटणाऱ्या सेवेवरून) पत्ता घेणं टाळलं आहे. तिथे सबनेट लहान केलं की फोन आयपीव्ही६ वरून नाहीसे होतात.

राउटरच्या बनावटीत प्रत्येक इंटरफेसला नेबर नोंदींची वेगळी मर्यादा देण्याची सोय असेल तर ती वापरा. मग एका व्हीलॅनवरच्या त्रासाने बाकीचे व्हीलॅन पडत नाहीत.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: आयसीएमपीव्ही६ पूर्ण बंद. वैतागलेला प्रशासक हेच आधी करतो. आयपीव्ही४ मध्ये पिंग बंद केलं तर फारसं बिघडत नाही. आयपीव्ही६ मध्ये राउटर ॲडव्हर्टाइजमेंट (प्रकार १३४), नेबर सॉलिसिटेशन आणि ॲडव्हर्टाइजमेंट (१३५, १३६) आणि 'पॅकेट टू बिग' (प्रकार २) हे सगळं आयसीएमपीव्ही६ वरच चालतं. आयपीव्ही६ मधले राउटर वाटेत पॅकेटाचे तुकडे करत नाहीत; पाठवणाऱ्याला 'पॅकेट मोठं आहे' हे कळवतात. तो निरोप अडवला तर छोटी पानं उघडतात, मोठी डाउनलोड अर्ध्यावर लटकतात, आणि तुमच्याकडे एका बिघाडाऐवजी दोन होतात. काय अडवावं आणि काय नाही याची यादी आरएफसी ४८९० मध्ये आहे, तीच वापरा.

मग स्वतःचं नेटवर्क चाळायचं कसं

स्कॅनर थांबवला की सुरक्षेचं काम बघणारे विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. सेकंदाला दहा लाख पॅकेटं पाठवली तरी एक /६४ संपवायला पाच लाख ऐंशी हजारांहून जास्त वर्षं लागतात. त्यामुळे आयपीव्ही६ मध्ये चाळणं म्हणजे आधी यादी मिळवणं आणि मग फक्त त्या यादीवर स्कॅनर सोडणं.

आपल्याला बाहेरच्या माणसापेक्षा ही यादी फार सहज मिळते. राउटरचं नेबर टेबल हाच सगळ्यात खरा स्रोत: कोण बोललं हे त्याला माहीत असतं. ते थोड्या थोड्या वेळाने एसएनएमपीने (उपकरणांची माहिती दुरून वाचण्याच्या पद्धतीने) ओढून साठवत जा, कारण तात्पुरते पत्ते बदलत राहतात आणि आठवड्यातून एकदा काढलेली यादी काढल्या दिवशीच शिळी होते. मॅक पत्त्याला किल्ली धरून साठवलंत तर एकाच उपकरणाचे पाच पत्ते पाच मशीन म्हणून मोजले जाणार नाहीत; फोन प्रत्येक वायफायसाठी मॅक बदलतात, तेवढी गफलत मनात धरा. डीएचसीपीव्ही६ च्या नोंदी आणि डीएनएसमधल्या नोंदी यांचीही भर घाला. शिवाय लॅनवर बसून 'सर्व नोड' या मल्टिकास्ट पत्त्याला पिंग केलं की लिनक्स आणि बरीच छोटी उपकरणं एकदम उत्तर देतात. विंडोज सहसा देत नाही, म्हणून या एकाच पद्धतीवर विसंबू नका.

ही यादी आयपीव्ही४ च्या यादीशी ताडून बघा. इथे माझा खरा आग्रह आहे, कारण पत्त्यांच्या मोठ्या पोकळीच्या भरवशावर राहणाऱ्यांना सगळ्यात मोठं छिद्र इथेच सापडतं. सर्व्हरवर आयपीव्ही४ चे फायरवॉल नियम काटेकोर असतात आणि आयपीव्ही६ ची नियमांची यादी रिकामी असते, म्हणजे सगळं उघडं. जुन्या लिनक्सवर दोन्हींचे नियम वेगवेगळ्या कमांडने लिहावे लागत, आणि दुसरी कमांड कोणी चालवलेलीच नसते. त्याच मशीनवर एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) आयपीव्ही४ ला बंद आणि आयपीव्ही६ ला जगासाठी खुलं, अशी जोडी यादी ताडल्याशिवाय दिसत नाही. एनएटीची (अनेक मशीन एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्याच्या पद्धतीची) सवय इथे घात करते. आयपीव्ही४ मध्ये आतल्या मशीनला बाहेरून थेट पोहोचता येत नव्हतं, ते एनएटीच्या ओघात घडत होतं. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक मशीनला जागतिक पत्ता असतो आणि ते काम नियम लिहूनच करावं लागतं.

'एवढ्या पोकळीत आपल्याला शोधणार कोण' हा युक्तिवाद बैठकीत आला तर त्याला थेट उत्तर द्या. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलेल्या झेडमॅप या स्कॅनरने एका गिगाबिट जोडणीवरून आयपीव्ही४ चं सगळं जग पाऊण तासाच्या आत चाळता येतं हे दाखवलं. तसं आयपीव्ही६ मध्ये होत नाही हे खरं. पण हल्लेखोर पोकळी चाळतच नाहीत. माणसं सर्व्हरला :१, :५३, :८०, :४४३ असे लक्षात राहणारे शेवट देतात, म्हणून तेच आधी बघितले जातात. मॅकवरून बनलेल्या पत्त्यात चौसष्टपैकी सोळा बिट ठरलेले, चोवीस बिट उत्पादकाचे. उत्पादक ओळखला तर उरतात चोवीस बिट, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाख शक्यता. सेकंदाला दहा हजारांच्या वेगाने हे अर्ध्या तासाच्या आत संपतं. वेबसाइटांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांमधून होस्टची नावं मिळतात आणि नावांवरून पत्ते. 'उलट डीएनएस' (पत्त्यावरून नाव सांगणारी व्यवस्था) नीट न ठेवल्यास 'या फांदीखाली काही आहे' आणि 'काहीच नाही' या दोन वेगळ्या उत्तरांवरून एकेक अंक चढत अख्खी यादी काढता येते. आणि २०१६ च्या सुरुवातीला शोदान हे शोधयंत्र सार्वजनिक वेळ-सर्व्हरांच्या समूहात स्वतःचे सर्व्हर घालून, वेळ विचारायला येणाऱ्या उपकरणांचे आयपीव्ही६ पत्ते गोळा करून मग तेच चाळत असल्याचं उघड झालं. तिथे उपकरणाने फक्त वेळ विचारली होती.

म्हणून सर्व्हरांचे पत्ते अंदाज न येणारे ठेवा, उपकरणांवर मॅकवरून पत्ता बनवण्याऐवजी आरएफसी ७२१७ ची स्थिर पण अपारदर्शक पद्धत चालू आहे का ते तपासा, उलट डीएनएसमध्ये गरज नसलेल्या नोंदी काढून टाका. यामुळे वेळ मिळतो. फायरवॉलची जागा मात्र यातलं काहीच घेत नाही.

पत्ता अडवला, तरी तो परत येतोच

वर म्हटलं होतं की पूर्ण /६४ अडवा. लॉग वाचून पत्ते अडवणारी साधनं मुळात एकेक पत्ता अडवतात. आयपीव्ही६ मध्ये कुठल्याही साध्या ग्राहकाला किमान एक /६४ मिळतं, म्हणजे तो प्रत्येक प्रयत्न नव्या पत्त्यावरून करू शकतो. 'पाच चुकीच्या पासवर्डनंतर बंद' हा नियम त्याला कधीच लागत नाही, आणि तुमची अडवलेल्या पत्त्यांची यादी लाखांनी वाढून तिचीच मेमरी संपते. मोजणी आणि अडवणूक दोन्ही /६४ वर करा. एकाच /५६ मधली अनेक /६४ त्रास देऊ लागली तर /५६ वर जा, मग /४८ वर. थेट /४८ पासून सुरुवात करू नका. काही पुरवठादार एका /४८ मध्ये अनेक ग्राहक बसवतात आणि निरपराध लोक बाहेर राहतात.

बंदोबस्त झाला की तो टिकतो का ते स्वतः तपासा, पुढच्या तक्रारीची वाट बघू नका. बाहेरच्या एखाद्या मशीनवरून, संबंधितांची परवानगी घेऊन आणि गर्दी नसलेल्या वेळी, स्वतःच्याच /६४ मधल्या यदृच्छ पत्त्यांकडे सेकंदाला पाचशेच्या आसपास पॅकेटं मिनिटभर पाठवा. दुसऱ्या खिडकीत राउटरवर 'इनकम्प्लीट' नोंदी मोजत राहा. नियम बरोबर बसले असतील तर हा आकडा एक-दोनच्या पुढे जाणार नाही. तो चढू लागला तर कॅप्चरमध्ये ती पॅकेटं कुठल्या पोर्टसाठी आहेत ते बघा. बहुतेक वेळा /६४ ला सरसकट उघडलेला एखादा जुना नियम तिथे सापडतो. हीच चाचणी आतल्या प्रत्येक व्हीलॅनमधून शेजारच्या व्हीलॅनकडेही एकदा करा, आणि राउटरचं फर्मवेअर बदललं की परत करा.